सुटे भाग: कुर्ल्याची फियाट आणि तिचा इतिहास



पत्रिकेत विषय छापून आला तेव्हा दोन-तीन जणांनी मला गमतीने विचारलं, ‘किल्ले झाले, ताम्रपट झाले, मोडीची दप्तरं झाली, आता गॅरेज का?’ प्रश्न रास्त आहे. पण मी आज जी गाडी घेऊन बोलणार आहे ती कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली, आणि तिचा एकेक भाग सुटा करून टेबलावर मांडला की स्वतंत्र भारताच्या औद्योगिक धोरणाची पहिली पन्नास वर्षं जवळजवळ क्रमाने समोर येतात. ताम्रपट वाचायला लिपी यावी लागते. इथे पान्हे लागतात, एवढाच फरक.

गाडी म्हणजे फियाट ११००. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांसाठी नुसती ‘फियाट’. मुंबईकरांसाठी टॅक्सी. आणि १९७४ नंतर जन्मलेल्यांसाठी प्रीमियर पद्मिनी. आमच्याकडे आहे ती डिलाइट, १९६८ सालची, माझ्या मामेसासऱ्यांची. अकरा वर्षं ती एका शेडमध्ये उभी होती. पुढची तीन वर्षं ती आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, चार घोड्यांवर, थोडी थोडी करून उघडली आणि पुन्हा जोडली. मी मेकॅनिक नाही, इतिहासाचा मास्तर आहे. अवघड कामं मिस्त्रींनी केली. उघडणं, धुणं, खरवडणं, चिठ्ठ्या लावणं आणि वह्या भरणं माझ्याकडे होतं. त्या वह्यांतून आजचं व्याख्यान आलं आहे.

जुनी गाडी घरी नीट करणारे सगळे एक शब्द वापरतात: ‘ओरिजिनल’. गाडी ओरिजिनल करायची. म्हणजे नक्की कधीची करायची? कारखान्यातून निघाली त्या सकाळची? इटलीत काढलेल्या नकाशाची? की मामेसासरे तिला चालवत होते तेव्हाची? इटलीतल्या किंवा इंग्लंडमधल्या माणसाला हा प्रश्न फारसा अडवत नाही. आपल्याला अडवतो. का अडवतो, त्यासाठी थोडं मागे जाऊ.

भारतात मोटारी बनवायच्या हा विचार स्वातंत्र्याच्या आधीचा. सर विश्वेश्वरय्या १९३०च्या दशकात युरोप-अमेरिकेतले कारखाने बघून आले आणि मुंबईत मोटार कारखाना काढण्याची योजना त्यांनी मांडली. बाळासाहेब खेरांचं मुंबईतलं मंत्रिमंडळ तिला अनुकूल होतं. १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि तो आधार गेला. ही कल्पना उचलून धरली होती वालचंद हिराचंद यांनी. सोलापूरचा माणूस, बांधकामाच्या ठेक्यांपासून सुरुवात, मग सिंधिया कंपनीची जहाजं, वालचंदनगरची साखर, बंगळूरचा विमान कारखाना. अमेरिकेत फोर्डशी बोलणी झाली, ती फिसकटली, मग क्रायस्लरशी करार झाला. युद्धकाळात इंग्रज सरकारने मोटार कारखाना युद्धासाठी आवश्यक मानायला नकार दिला. म्हणून प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन व्हायला १९४४ उजाडलं आणि कुर्ल्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडायला १९४७. त्या गाड्या होत्या डॉज, प्लिमथ, डिसोटो. अमेरिकन पेट्यांतून सुटे भाग यायचे आणि इथे जोडले जायचे.

मुंबईत जोडणीचा कारखाना ही नवलाईची गोष्ट नव्हती, हेही लक्षात घ्या. जनरल मोटर्स शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडत होती. फोर्डचीही जोडणी इथे चालायची. मग स्वतंत्र भारताने काय वेगळं केलं? १९४९ मध्ये पूर्ण तयार गाड्यांची आयात बंद केली. आणि १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सांगितलं, की ज्यांना इथे भाग बनवायचे आहेत, ज्यांच्याकडे तसा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम आहे, त्यांनी राहावं. नुसतं जोडणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड या जगातल्या दोन सर्वांत मोठ्या कंपन्या वर्ष-दोन वर्षांत निघून गेल्या. राहिले बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड, आणि आपलं कुर्ला.

याच सुमारास कुर्ल्याने मोठ्या अमेरिकन गाड्यांबरोबर इटलीच्या फियाटचा हात धरला. आधी छोटी फियाट ५०० आली आणि १९५४ मध्ये आली ११००. इटलीत ती १९५३च्या जिनिव्हा प्रदर्शनात मांडली होती, म्हणजे आपल्याकडे ती अगदी ताजी आली. पाठ गोल, नाक गोल, म्हणून आपण तिचं नाव ठेवलं ‘डुक्कर फियाट’. आजही जुन्या गाड्यांच्या बाजारात हेच नाव चालतं, आणि त्यात अपमान कुणालाच वाटत नाही. तिची समोरची दारं उलटी उघडायची, बिजागरी मधल्या खांबावर. नऊवारीत बसायला-उतरायला सोपी, असं माझी आजी म्हणायची. धावत्या गाडीत दार सुटलं तर वारा ते पूर्ण उघडून टाकणार, हे तिला कोणी सांगितलं नसावं.

पुढे इलेगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट असे फेरबदल झाले आणि १९६४ मध्ये आली ११००डी, म्हणजे डिलाइट. चौकोनी, मागे छोटे पंख, दारं सुलटी. इटलीत ही ११००ची वंशावळ १९६९ मध्ये संपली. आपल्याकडे १९७२ च्या सुमारास फियाटचं नाव उतरलं, काही काळ ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली, १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली, आणि विसावं शतक संपेपर्यंत बनत राहिली.

आता पार्किंगमध्ये येऊ.

पहिलं काम पान्ह्यांचं. मिस्त्रींच्या पेटीत दोन कप्पे होते, एक ‘इंची’ आणि एक ‘एमएम’. आपल्याला वाटतं ही सोय आहे. तो खरं तर कालखंड आहे. इटालियन फियाट दशमान मापाची. आठ, दहा, तेरा, सतरा अशा मिलिमीटरच्या बोल्टांची. त्याच कुर्ल्यात जोडल्या जाणाऱ्या डॉज आणि प्लिमथ इंची आट्यांच्या. रस्त्यावरच्या बाकी सगळ्या मॉरिस, ऑस्टिन, नंतरची अँबॅसडर, यांचे आटे इंग्रजी. देशात वजनमापांचा दशमान कायदा झाला १९५६ मध्ये आणि लागू व्हायला लागला १९५८ पासून. म्हणजे १९५४ सालच्या मुंबईच्या फिटरला कायद्याच्या आधी चार वर्षं मिलिमीटर शिकावा लागला, तो या गाडीमुळे. आणि ज्यांनी नवे पान्हे घेतले नाहीत त्यांची साक्ष आजही बोल्टवर असते. अर्ध्या इंचाचा पान्हा तेरा मिलिमीटरच्या डोक्यावर कसाबसा बसतो. बसत नाही तिथे कोपरे गोल होतात. आमच्या गाडीचे असे गोल झालेले बोल्ट मी एका बरणीत जपून ठेवले आहेत, बायकोच्या मते लोणच्याच्या बरणीत.

इंजिन. अकरा वर्षं उभी असलेली गाडी घरी आणली की पहिला मोह होतो बॅटरी लावून सेल्फ मारण्याचा. तो आवरायचा. पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला गंजाने चिकटलेल्या असतात. जोर लावला तर रिंगा तरी मोडतात नाही तर दुसरं काही वाकतं. चारही प्लग काढायचे, भोकांतून डिझेल आणि ऑइल समप्रमाणात ओतायचं, आणि थांबायचं. आठ-दहा दिवस. मग चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हाताने पुढे-मागे डुलवायची. एका संध्याकाळी ती हलकेच ‘सुटते’. इंजिन सुटलं की मिस्त्री चहा मागवतात, असा रिवाज आहे.

हे इंजिन १०८९ सीसीचं. सिलेंडरचा व्यास, म्हणजे बोअर, ६८ मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास ७५ मिलिमीटर. हेच माप फियाटने १९३७ मध्ये आपल्या बालिला ११००ला दिलं होतं. म्हणजे मुसोलिनीच्या इटलीत आखलेलं इंजिन वाजपेयींच्या भारतापर्यंत नवं कोरं म्हणून विकलं गेलं. ऐकायला हे हास्यास्पद वाटतं, आणि मारुतीनंतरच्या पिढीने त्यावर भरपूर विनोद केलेही. पण हेड उतरवून बघा. सगळं हाताला येतं. प्रत्येक नट दिसतो, पान्हा फिरवायला जागा आहे, व्हॉल्व्ह घरी लॅपिंग करता येतात. रबरी कपाची काठी हातात फिरवत, मसाला लावून. ज्या देशात नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं बुकिंग करून बसावं लागतं, तिथे असं इंजिन टिकतं. ते टिकायला दुरुस्ती जमावी लागते.

आता बोअर मोजू. मापाचं यंत्र लेथवाल्याकडे असतं. आमच्या सिलेंडरचा व्यास आला ६८.६. म्हणजे हे इंजिन निदान एकदा पूर्ण उघडलं गेलं होतं, झिजलेले सिलेंडर कापून मोठे केले होते, आणि त्यात मोठ्या मापाचे पिस्टन बसवले होते. गणित करून बघा: ६८.६ व्यासाला चार सिलेंडरचे मिळून साधारण ११०९ सीसी होतात. आरसी बुकात आजही १०८९ लिहिलेलं आहे. यात फसवणूक काही नाही, बोअर करणं ही रोजची दुरुस्ती होती. पण मला विचाराल तर त्या ०.६ मिलिमीटरमध्ये गाडीच्या मालकाचं आयुष्य आहे. नवी गाडी परवडत नाही किंवा मिळत नाही, आहे ती आणखी पंधरा वर्षं चालवायची, असा निर्णय कधीतरी घरात झाला आणि तो लोखंडात कोरला गेला. हे इंजिन ‘ओरिजिनल’ करायचं तर स्लीव्ह घालून पुन्हा ६८ करता येतं. आम्ही केलं नाही. नव्या रिंगा टाकल्या आणि ६८.६ तसंच ठेवलं.

त्या निर्णयामागची सक्ती सरकारी होती हे वेगळं सांगायला नको. किती गाड्या बनवायच्या ते परवान्यावर, कोणाला कधी द्यायच्या ते १९५९ च्या वितरण आदेशावर, आणि १९६९ पासून काही वर्षं कितीला विकायच्या तेही कायद्यावर. किमतीच्या प्रश्नावर कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. भाव बांधलेला म्हणून सुधारणा परवडत नाही, असं कंपन्या म्हणत. माल सुमार म्हणून भाव बांधला, असं सरकार म्हणे. माझं मत विचाराल तर दोघंही खरं बोलत होते आणि दोघांनाही ते सोयीचं होतं. भोगलं ग्राहकाने, आणि त्याची गाडी चालती ठेवली ती कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने.

पण याच धोरणाची दुसरी बाजू गाडीच्या भागांवरच्या शिक्क्यांत सापडते, आणि ती वाचल्याशिवाय निकाल देऊ नये. घरी गाडी उघडाल तर प्रत्येक भाग रॉकेलने धुवून त्यावरची अक्षरं टिपून ठेवा. पिस्टन बनवणारी इंडिया पिस्टन्स मद्रासला १९४९ मध्ये सुरू झाली. प्लग बनवणारी मायको बंगळूरला १९५१ मध्ये. डायनमो, सेल्फ, डिस्ट्रिब्यूटरची लुकास-टीव्हीएस मद्रासला १९६१ मध्ये. ब्रेक्स इंडिया १९६२ मध्ये. या तारखा ओळीने मांडल्या की दिसतं, की १९५३ मध्ये ‘इथे बनवा’ म्हटल्यावर दहा वर्षांच्या आत देशात सुट्या भागांचा उद्योग उभा राहिला. त्यातला बराचसा दक्षिणेत, आणि बराचसा परदेशी कंपन्यांच्या भागीदारीत. पुढे मारुती आली तेव्हा तिला भाग पुरवायला हात तयार होते. फियाट आणि अँबॅसडर या दोन गाड्यांवर ते हात बसले होते. गाडी मागास राहिली आणि तिचे भाग बनवणारे शिकत गेले, हे दोन्ही एकाच वेळी घडलं.

म्हणून मला एका गोष्टीचा राग येतो, तो इथे बोलून घेतो. हल्ली हौशी मंडळी डिलाइटला इटालियन ११००डी बनवतात. इंटरनेटवरून इटलीचे दिवे, इटलीचे मोनोग्राम, इटलीचं स्टिअरिंग मागवायचं, आणि कुर्ल्याचे भाग भंगारात. पैसे त्यांचे, गाडी त्यांची. मी कोण बोलणारा? पण त्याला पुनरुज्जीवन म्हणू नये. तूरिनमध्ये अशा गाड्या पुष्कळ आहेत. कुर्ल्याचा पत्रा, मद्रासचं वायरिंगचं सामान आणि गिरगावात ऑपेरा हाऊसच्या दुकानातून आणलेलं गॅस्केट यांची बनलेली गाडी फक्त आपल्याकडे आहे.

पत्र्याकडे येतो. इथे वेळ सर्वांत जास्त गेला, आणि जाणारच. डॉजसारख्या जुन्या गाड्यांना खाली वेगळी चॅसी असते, वर बॉडी ठेवलेली असते. ११००ला वेगळी चॅसी नाही. तळ, बाजूच्या पट्ट्या, खांब, छप्पर मिळून एकच पेटी. १९५३ मध्ये ही आधुनिक गोष्ट होती. पण याचा अर्थ असा की फ्लोअर आणि दाराखालचा पोकळ पट्टा गंजला की गाडीचा कणाच गेला. मुंबईची खारी हवा आणि कोकणातला पाऊस या पोकळ पट्ट्यात शिरतो आणि बाहेर पडत नाही. वरून रंग झकास दिसतो. खालून स्क्रूड्रायव्हरने टोचलं की आरपार. जुनी फियाट विकत घ्यायला जाल तेव्हा मालक इंजिनचा आवाज ऐकवेल. तुम्ही गालिचा उचला.

रंग खरवडायच्या आधी एक करा. बॉनेटवर किंवा दारावर एका जागी वाटीएवढा गोल घ्या आणि पाण्याच्या पॉलिश पेपरने कडेपासून मधोमध उतरत जा, म्हणजे प्रत्येक थराचं एकेक वलय दिसेल. उत्खननात जमिनीचे थर बघतात तसंच. आमच्या दारावर वरून खाली आले ते असे: पांढरा, त्याखाली फिकट निळा, मग लांबीचा जाड थर, मग हिरवट करडा, मग तांबडट प्रायमर आणि शेवटी पत्रा. लांबी म्हणजे पुट्टी. आमच्याकडे पेंटर लांबीच म्हणतात. पहिला रंग करडा. निळा लावला तेव्हा दार ठोकून सरळ केलेलं होतं, म्हणजे कुठेतरी धडक झाली होती. घरात विचारलं तर कुणालाच आठवेना. मग एका थोरल्या आत्यांना आठवलं, खंडाळ्याचा घाट, पाऊस, ट्रक. कुणाला लागलं नव्हतं म्हणून विसरले होते. गाडी विसरली नव्हती.

फ्लोअरवर आम्हाला एक ठिगळ सापडलं. ड्रायव्हरच्या पायाखाली, वीतभर लांब, पितळेने झाळलेलं. पत्रा कुठल्यातरी तेलाच्या डब्याचा होता. आतल्या बाजूला छापील अक्षरांचे अवशेष दिसत होते. कुणीतरी गॅसच्या ज्योतीवर, बारीक हाताने, कड सगळीकडे सारखी भरून ते बसवलं होतं. आजूबाजूचा मूळ पत्रा चाळणी झाला होता आणि ठिगळ शाबूत होतं. आता याचं काय करायचं? आमच्या मिस्त्रींचं म्हणणं, काढा, नवा पूर्ण फ्लोअर घाला, ताकद हवी. त्यांचं बरोबर होतं. जिथे गाडीचा भार आहे तिथे भावना चालत नाही. फ्लोअर नवा घातला. ठिगळ कापून काढलं, त्यावर कुठून काढलं ते लिहिलं, आणि ते आता फोटो व वह्यांबरोबर पेटीत आहे. पण दरवाजाच्या आतल्या बाजूच्या एका छोट्या ठिगळावर भार नव्हता. ते तसंच ठेवून त्यावर फक्त प्रायमर मारला. आतली पट्टी काढली की दिसतं.

माझा नियम यातून तयार झाला, आणि तो मी कोणावर लादत नाही. थांबवणारी, वळवणारी आणि आग लावू शकणारी, या तीन गोष्टींत इतिहास बघायचा नाही. ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलची लाइन. तिथे सगळं नवं. बाकी ठिकाणी जुनं काढायच्या आधी ते का तसं आहे ते विचारायचं.

ब्रेकचं थोडक्यात सांगतो. चारही चाकांना ड्रम. ब्रेकचं ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीत व्हील सिलेंडर आतून गंजतात आणि पॅक होतात. नुसतं रबराचं किट बदलून भागवणारे पुष्कळ. आत खड्डे पडले असतील तर किट महिनाभरात गळतं. सिलेंडर नवे घ्या. पेट्रोलचे जुने रबरी पाइपही काढून टाका. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि १९६८ चं रबर त्याच्यासाठी बनवलेलं नव्हतं. ते फुगतं, चिरतं, आणि खाली गरम एक्झॉस्ट असतो. पुढच्या चाकांची किंगपिन आणि बुश झिजलेली असणारच, कारण ग्रीस वेळेवर भरणारा मालक मी अजून पाहिलेला नाही.

वायरिंगमध्ये मात्र मला मुंबईचा टॅक्सीवाला भेटला. म्हणजे आमची गाडी टॅक्सी कधीच नव्हती, पण काही वायरी आणि डिकीतले दोन कंस दुसऱ्या गाडीचे होते. मिस्त्रींनी बघताक्षणी सांगितलं: हे सीएनजीच्या टाकीचे कंस, टॅक्सीतून आलेले, मालकाने जुन्या बाजारातून टेलगेट घेतलं असणार, त्याबरोबर आले. २००० नंतर न्यायालयाच्या आदेशांनी मुंबईच्या जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या, मग वयाची मर्यादा आली, आणि त्या हजारोंनी मोडीत निघाल्या. कुर्ल्याचाच सीएसटी रोड हा त्यांच्या भंगाराचा मोठा बाजार. गाडी जिथे जन्मली त्याच उपनगरात तिचे तुकडे विकले गेले, आणि त्या तुकड्यांवर खासगी फियाट जगल्या. मुंबईची शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मधली; वीस वर्षांची मर्यादा भरून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोक हळहळले. मला काळजी वाटली ती सुट्या भागांची. टॅक्सी होत्या तोवर किंगपिन बनवणाऱ्याला गिऱ्हाईक होतं. आता हौशी माणसं किती आणि त्यांना वर्षाला किंगपिन किती लागणार? आणि त्याहून मोठी काळजी मिस्त्रींची. स्टिअरिंगवरच्या गिअरचे दांडे कानाने जुळवणारा माणूस आज सत्तरीत आहे. त्याच्या हाताखालचा पोरगा लॅपटॉप लावून गाडीचा दोष वाचतो, आणि ते योग्यच आहे. त्याला संसार करायचा आहे.

आता कागदाचा प्रश्न. २०२१ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला नसावा. आणि मग ती रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच. नियम चांगल्या हेतूचा आहे. पण ‘मूळ स्वरूप’ हा शब्द बघा. तो अशा देशातून आलेला वाटतो जिथे गाडी कारखान्यातून पूर्ण होऊन निघते आणि मग नुसती जुनी होत जाते. आपली फियाट कारखान्यातून निघाली तेव्हा तिचं बनणं संपलं नव्हतं. बोअर वाढला, डायनमो जाऊन अल्टरनेटर आला, फ्लोअर बदलला, दार दुसऱ्या गाडीचं आलं. हे सगळं तिच्या मूळ आयुष्यात घडलं, मी हात लावायच्या कितीतरी आधी. उद्या मी अल्टरनेटर काढून डायनमो लावला तर तो मूळ स्वरूपाकडे जाणं आहे की नवा फेरबदल? आम्ही अल्टरनेटर ठेवला आहे. आणि नेहमीची पाच वर्षांची फेरनोंदणी करून गाडी साध्या नंबरावरच ठेवली आहे, कारण मंडईत जायला परवानगी हवी.

वेळ होत आला. दोन चिठ्ठ्या आल्या आहेत.

पहिली: खर्च किती आला? गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. आकडा घरी माहीत नाही, आणि हे भाषण ते छापणार आहेत.

दुसरी चिठ्ठी जास्त चांगली आहे. ‘वडिलांची ७६ ची पद्मिनी उभी आहे, सुरुवात कुठून करू?’ पहिल्या दिवशी पान्हा हातात घेऊ नका. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, खालूनसुद्धा. आरसी बुक, जुनी बिलं, पीयूसीचे कागद, सीटखाली सापडलेली चिल्लर, सगळं एका पाकिटात. मग ज्यांनी ही गाडी पूर्वी केली ते मिस्त्री हयात आहेत का ते शोधा, आणि त्यांना गाडी दाखवायला रिक्षाने घेऊन या. ते काय काय सांगतात ते मोबाइलवर रेकॉर्ड करा. सुट्या केलेल्या प्रत्येक भागाला वेगळी पिशवी आणि चिठ्ठी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका, घोड्या लावा. आधी ब्रेक, मग पेट्रोलची टाकी आणि लाइन, मग इंजिन, मग पत्रा. रंग सर्वांत शेवटी, आणि पावसाळ्यात तर मुळीच नाही. दमट हवेत ड्युको मारला की त्यावर पांढुरकी छटा धरते आणि सगळं पुन्हा खरवडावं लागतं. आत्ता जून आहे. गणपतीपर्यंत ब्रेक होतील. रंगाचं दिवाळीनंतर बघा.